मास्काची शेपूट

डंडी, १३ जानेवारी २००८

प्रिय काका,

परवा फोनवर तुम्ही तीनदा "कोण?" म्हणालात आणि चौथ्यांदा "इथे कोणी गवंडी राहत नाही" असं सांगून फोन ठेवून दिलात. कानाचं यंत्र अजून डबीतच आहे ना? म्हणून पत्र.

नाताळात तुम्ही जेवून डुलकी काढत होतात तेव्हा मी मागच्या शेडमध्ये तीन पायांची एक पेटी लावली होती. तुम्ही उठून विचारलंत, "घर विकायला मापं घेतेस की काय?" मी नुसती हसले. आता सांगते. बाबांच्या गाडीचा पत्रा तुम्ही ज्यावर ठोकलात तो लाकडी साचा आहे ना, त्याची मापं घेत होते.

आमच्या कॉम्प्युटरवरच्या नव्या खेळात शर्यतीच्या गाड्या आहेत. खऱ्या गाड्या घेता येत नाहीत. कंपन्या म्हणतात, आमच्या गाडीला पडद्यावरसुद्धा पोचा येता कामा नये. म्हणून आम्ही गाड्या रचतो. मी रचलेल्या गाडीचं नाक मारानेल्लोच्या एका जुन्या गाडीचं आहे, दारं मिलानच्या एका गाडीची. आणि शेपूट बाबांच्या गाडीची. आमचा वकील म्हणतो, एका गाडीतून उचललं तर चोरी, तीन गाड्यांतून उचललं तर स्फूर्ती. गाडीचं नाव मास्का.

तीस वर्षं लोक बाबांना पिऊन गाडी उलटवणारा ड्रायव्हर म्हणून ओळखतात. बाबा त्यात गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते, धाकटा तुल्लियो दोनचा. ती एकच गाडी बनली आणि तिचाही चुरा झाला. निदान तिची शेपूट तरी लोकांनी बघावी.

आईला सांगितलेलं नाही. त्या गाडीचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायला जाते, घासलेली असली तरी.

तुमची,
ओर्नेला


ग्रुल्यास्को, २७ जानेवारी २००८

ओर्नेला,

पत्रे ठोकणाऱ्याला पत्रं लिहायला लावतेस. अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र वर घेऊन आली ती खालची क्राव्हेरोबाई. पाकीट उजेडाकडे धरून जिना चढत होती. तेव्हा महत्त्वाचं काही असेल तर जाड कागदावर लिही.

ते मारानेल्लोचं नाक मला माहीत आहे. मोदेनाच्या एका बुटक्याने ठोकलं होतं. लोक म्हणत, त्याने ते वाघळी माशावरून घेतलं. तो दारू चढली की सांगायचा, वाघळी कुठली, बायकोच्या इस्त्रीवरून घेतलंय. तुमच्या वकिलाला सांग, इस्त्रीवालीचीही परवानगी लागेल.

नाव मात्र वाईट ठेवलंस. आमच्या आईच्या गावी संध्याकाळनंतर कोणी मास्का म्हणालं तर म्हाताऱ्या लोखंडाला हात लावायच्या. चेटकिणीचं नाव गाडीला कशाला? मी आत्ता हातोड्याला हात लावून लिहितोय.

अमेदेओची गाडी तू घेतलीस याबद्दल काय म्हणावं ते कळत नाही. माझा धाकटा भाऊ होता तो. गाडी मी ठोकायची, चालवून बघायची त्याने, असं आमचं चौदा वर्षं चाललं.

एक विचारतो. शेपूट लाकडावरूनच घेतलीस ना? फक्त लाकडावरून?

सेकोंदोकाका


डंडी, १० फेब्रुवारी २००८

प्रिय काका,

तुम्हाला अजून सगळं दिसतं! इथे चार जणांच्या नजरेतून जे सुटलं ते तुम्ही न बघता विचारलंत.

आधी लाकडावरूनच घेतली होती. मग बिएल्लाच्या एका माणसाकडे त्या गाडीचे तीन फोटो मिळाले, अपघाताच्या आदल्या दिवशीचे. पडद्यावर फोटो आणि साचा एकावर एक ठेवले. नाक जुळलं, छप्पर जुळलं, शेपूट जुळेना. लाकडात शेपटीची कड वर उचललेली आहे, कोणी भुवई उडवावी तशी. फोटोतली शेपूट खाली वाहत जाते. चार बोटांचा फरक. लाकूड चुकलंय, काका. मी फोटोप्रमाणे केली. काय सुंदर रेघ आहे ती!

आता खरी बातमी. कंपनी जाहिरातीसाठी मास्का खरीखुरी बनवते आहे, आणि तीही तूरीनमध्ये, हाताने पत्रा ठोकून. माझ्या आकड्यांवरून यंत्राने लाकूड कापायचं आणि त्यावर ॲल्युमिनियम. चौदा जूनला दक्षिणेतल्या गोल ट्रॅकवर ती ताशी दोनशे ऐंशीने पळवायची.

आणि चालवणार कोण? आपला तुल्लियो. सहा वर्षं तो त्याच ट्रॅकवर गाड्या तपासतोय, त्यांनी दुसरं कोणाला विचारलंसुद्धा नाही. मी सांगितलं तर म्हणाला, "दिवसभर पाण्यावर राहीन. बघू मग कोण काय म्हणतं."

तुमची,
ओर्नेला


ग्रुल्यास्को, १७ फेब्रुवारी २००८

ओर्नेला,

लाकूड चुकलेलं नाही. फोटो चुकतात. काच वाकडी असते, उन्हाने रेघ खाली दिसते. शेपूट लाकडाप्रमाणे कर. ताबडतोब कर.

आणि तुल्लियोला सांग, पाठ दुखते म्हणून कळवून टाक. दुसऱ्या कोणाला बसू दे. कोणालाच बसू देऊ नका. गाडी उभी करून ठेवा, लोक उभी गाडीही बघतात.

पत्र मिळाल्याचं कळव.

सेकोंदोकाका


डंडी, १ मार्च २००८

प्रिय काका,

पत्र मिळालं. रागावू नका, पण मला हसू आलं. फोटो तीन आहेत, तीन बाजूंनी काढलेले. तिन्ही काचा एकसारख्या वाकड्या कशा असतील?

मला वाटतं तुम्हाला काय होतंय ते मला कळलंय. तुमची रेघ आता दुसरं कोणी ठोकणार. लहानपणी तुम्हीच मला मांडीवर बसवून शिकवायचात: लाकूड नुसतं सांगतं, ठरवतो हात. मग आता एकाएकी लाकडाची बाजू का घेताय? तुमच्या हाताने जे ठरवलं तेच मी जपतेय.

आता बदलता येणारही नाही. खेळ करून बघायला आम्ही दोनशे माणसं बोलावली होती. निम्म्यांनी दुसरी कुठलीच गाडी घेतली नाही. का, तर त्या शेपटीसाठी.

शिवाय मास्का पडत नाही, काका. खेळात कुठली गाडी रस्त्याला किती धरून राहील याचा एक आकडा असतो आणि तो मी लिहिते. मास्काला सगळ्यांत मोठा दिलाय. लाड म्हणून.

कारखान्याचा पत्ता पाठवते. तुमच्या घरून ट्रामने वीस मिनिटं. जाऊन बघा एकदा. राग जाईल.

तुमची,
ओर्नेला


ग्रुल्यास्को, २७ एप्रिल २००८

ओर्नेला,

आठ आठवडे मी उत्तर लिहिलं नाही. तीनदा लिहिलं आणि फाडलं.

गेल्या मंगळवारी ट्रामने गेलो. दोन वेळा फाटकावरून परत फिरलो. तिसऱ्या वेळी आतून एक बाई आली. मार्तीना नाव, चाळिशीची, मनगटं बघूनच कळलं की पत्रा तीच ठोकते. माझे हात बघून तिनेही ओळखलं. तोंड मोठं करून, सावकाश म्हणाली, "आजोबा, बाहेर काय उभे? या ना. हातोड्याच्या आवाजाने बहिरे झालात म्हणजे आमच्यातलेच."

गाडी बिनरंगाची उभी होती. नाक मोदेनाचं, दारं मिलानची. त्याचं काही वाटलं नाही. मग मी मागच्या बाजूला गेलो.

ओर्नेला, ती तीच आहे. शेवटची बघितली तेव्हा ती नाल्यात उलटी होती. आता कारखान्याच्या दिव्याखाली सरळ उभी होती, एक ओरखडा नाही. मी शेपटीवर हात ठेवला. माझा तळवा तिथे बसला, तसाच, जसा तेव्हा बसायचा. मला घाम फुटला. मार्तीनाने खुर्ची आणली, पाणी दिलं, वर टोमणा मारला, "एवढी वाईट ठोकलीय का?" मग विचारलं, "ही रेघ कोणी काढली हो मुळात? हात आपोआप तिकडेच जातो."

मी म्हणालो, ठाऊक नाही.

तू म्हणतेस खेळात आकडा तू लिहितेस. या गाडीचा आकडा कोणी लिहिला आहे? तुल्लियोला तिच्यात बसू देऊ नकोस. कारण विचारू नकोस. मी तुला आयुष्यात काही मागितलेलं नाही.

सेकोंदोकाका


डंडी, १९ मे २००८

काका,

मी तुल्लियोला सांगितलं. तो म्हणाला, "काकांना म्हणावं, जेवून झोपा." कंपनीला सांगायला माझ्याकडे कारण नाही. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला घाम फुटला, हे कारण नाही.

गाडी दक्षिणेत पोचली. शनिवारी तुल्लियोने पहिल्यांदा चालवली, सावकाश, एकशे ऐंशीपर्यंत. रात्री फोन आला. खुशीत होता. इंजिन छान, वळायला छान. मग म्हणाला, "मागून जरा हलकी वाटते. कोणीतरी काखेत हात घालून उचलतंय अशी. लहान मुलाला उचलतात ना, तशी. वेग वाढला की सवय होईल."

तो हसत होता. मी फोन ठेवला. तुम्ही फेब्रुवारीपासून जे लिहिताय ते सगळं पुन्हा वाचलं. तुम्हाला हेवा वाटत नव्हता. तुम्हाला भीती वाटत होती, आणि ती मी माझ्या सोयीने वाचली.

त्या शेपटीत काय आहे? तुम्हाला काय माहीत आहे? चौदा जूनला सव्वीस दिवस उरले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. क्राव्हेरोबाईंना मध्ये घालून विचारू का? विचारीन हं. लिहा.

ओर्नेला


ग्रुल्यास्को, २४ मे २००८

ओर्नेला,

क्राव्हेरोला सांगणं म्हणजे चर्चच्या दारावर चिकटवणं. मीच लिहितो. हे पत्र जलद टपालाने जाईल. दोन दिवसांत पोचतं म्हणाले.

लाकूड बरोबर होतं. माझा हात चुकला.

साचा दिला होता त्यात शेपटीची कड वर उचललेली होती. काढणाऱ्याने विचार करून काढली होती, वाऱ्याने मागची चाकं खाली दाबून धरावीत म्हणून. मला ती डोळ्याला बरी दिसेना. बदकाच्या ढुंगणासारखी दिसायची. आमच्यात अशी पद्धत होती की शेवटची रेघ ठोकणाऱ्याच्या डोळ्याने ठरते. कागदावर कोणी लिहीत नसे, साचा कोणी दुरुस्त करत नसे. मी ती चार बोटं खाली घेतली. दोरा नदीतल्या माशाची पाठ डोळ्यांसमोर होती. मालक गार्झेना आले, बघितलं, स्वतःच्या बोटांचं चुंबन घेऊन हवेत सोडलं. सगळ्या कारखान्याने टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला थोडं ऐकू येत होतं.

दहा ऑक्टोबरला अमेदेओने ती एकशे ऐंशीने चालवली. परत येऊन माझ्या बाकाशी बसला आणि म्हणाला, "सेकोंदो, मागून हलकी आहे. कोणीतरी उचलतंय. ते लाकूड काय म्हणत होतं, बघ की जरा." मी म्हणालो, "लाकडाला कोण विचारतो? तू घाबरलास असं सांग." लोक हसले. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी तो दोनशे तीसपर्यंत गेला.

चौकशीच्या आधी मालकांनी मला खोलीत बोलावलं. विचारलं, जेवताना प्यायला होता का? मी म्हणालो, प्यायला होता. आम्ही एकाच टेबलावर जेवलो होतो. एक ग्लास बार्बेरा वाईन. एक, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. कारखान्यावर साठ माणसांची पोटं होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण त्या खोलीत मला साठ माणसं आठवली नव्हती. मला फक्त भीती वाटली होती.

तुझ्या आईने ते ऐकलं आणि त्याचे सगळे फोटो फाडले. मी तिच्या स्वयंपाकघरात उभा होतो. तुकडे गोळा करायला वाकलो आणि बोललो नाही.

तुल्लियोने जे शब्द म्हटले ते त्याला कोणी सांगितले नव्हते. ते अमेदेओचे आहेत.

हे पत्र त्याला दाखव. कंपनीला दाखव. कोणालाही दाखव. त्याला उतरव.

सेकोंदो


डंडी, २८ मे २००८

काका,

पत्र काल आलं. तुल्लियोला फोनवर वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "एक ग्लास?" मी म्हटलं, एक. तो म्हणाला, "मी अठरा वर्षांचा झालो तेव्हापासून लग्नातसुद्धा पीत नाही." आणि फोन ठेवला.

आज सकाळी त्याचा फोन आला. त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते. शेपूट लाकडाप्रमाणे होणार, नाहीतर तो बसणार नाही. जुनं लाकूड तुम्ही स्वतः घेऊन यायचं. चौदा तारखेला तिथे उभं राहायचं. आणि त्याआधी आईला तुम्ही स्वतः सांगायचं, पत्राने नाही.

कंपनीला मी एवढंच सांगितलं की रेघ चुकीची आहे आणि चूक माझी आहे. चूक माझीही आहेच. लाकूड आणि फोटो जुळत नव्हते तेव्हा थांबायला हवं होतं. मी सुंदर होतं ते निवडलं. आठवडाभर आरडाओरडा होईल. खेळातली मास्काही मी बदलते आहे. लोक शिव्या देतील.

त्याने बसू नये असं मला वाटतं. कड वर केली म्हणजे गाडी धरून राहील, हे कोणी सांगितलं? लाकडाने? त्या लाकडाप्रमाणे ठोकलेली गाडी कधी कोणी चालवलेलीच नाही.

मला तुम्हाला आणखी काही लिहिता येत नाही.

ओर्नेला


ट्रॅकजवळची खानावळ, १४ जून २००८

ओर्नेला,

तुला तुल्लियोने फोन केला असेल, त्यामुळे शेवट तुला माहीत आहे. तरी लिहितो.

तीन तारखेला तुझ्या आईकडे गेलो. दारातच म्हणालो, "फेलिचीना, अमेदेओ प्यायलेला नव्हता." तिने दार लावून घेतलं. मी जिन्यात तासभर बसलो. दार उघडलं नाही.

नऊला साच्याची शेपूट करवतीने कापली, चादरीत गुंडाळली आणि दक्षिणेची आगगाडी पकडली. मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरच्या बाईने खुणेने विचारलं, पाळणा आहे का? मी मान हलवली. तिने मला बदामाचं काहीतरी गोड खायला दिलं.

मार्तीनाही आली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती रेघ कोणाची तेही सांगितलं. तिने मला शिवी दिली, मला ओठांवरून कळली. मग कामाला लागली. हातोडा मी घेतला नाही. तिने पुढे केला तरी घेतला नाही. लाकूड धरून उभा राहिलो आणि ती ठोकत गेली. दोनदा तिचा हात खाली वाहायला लागला आणि दोनदा मी लाकूड आपटलं. तीन दिवस लागले. दिसायला ती खरंच बदकासारखी आहे.

आज सकाळी फाटकाशी तुझी आई उभी होती. एकटी आली होती, रात्रभर प्रवास करून, निळा झगा घालून. माझ्याकडे बघितलं नाही. येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, कारण उभं राहायला तिथेच सावली होती.

तुल्लियो निघाला. गोल ट्रॅक इतका मोठा आहे की गाडी पलीकडे गेली की दिसत नाही. लोकांना ती ऐकू येते. मला नाही. माझ्यापुरती ती प्रत्येक वेळी नाहीशी व्हायची. मी फेलिचीनाच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं, अजून आवाज येतोय. पहिल्या फेरीनंतर मार्तीनाने फळ्यावर १९० लिहिलं. मग २१०. मग २३०. तिथे फेलिचीनाने माझं मनगट पकडलं. नखं रुतवून पकडलं. २३० हा आकडा तिलाही तीस वर्षं पाठ आहे, हे मला माहीत नव्हतं.

मी ओरडणार होतो, बस, थांबवा. पण थांबवायचं कसं, तो तर पलीकडे होता. २५०. २६५. मी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर मला ना दिसत होतं ना ऐकू येत होतं. फक्त मनगटातून कळत होतं. तिची बोटं सैल झाली असती तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. ती आणखी घट्ट झाली आणि तशीच राहिली.

मग सोडली. डोळे उघडले तर गाडी उभी होती आणि तुल्लियो हेल्मेट काढत होता. त्याने हात जमिनीला समांतर धरून दाखवला. धरून राहते. फळ्यावर २८१ होते.

लोक त्याच्याकडे धावले. ती गेली नाही. होती तिथेच, वाळक्या गवतावर, चांगल्या झग्यानिशी बसली. मला हाताने खेचून खाली बसवलं. माझा चेहरा दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"अमेदेओ प्यायलेला नव्हता. आता पुढचं सांग."

सेकोंदो